कॅडमियममुक्त उजेड : गणेशखिंड, भोसरी आणि पुंजबिंदूंचा इतिहास

पिंपरीत सणासुदीच्या दिवसांत दूरचित्रवाणी संचांच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरले, की समोरच्या भिंतीवर वीस-पंचवीस पडदे एकाच वेळी उजळलेले दिसतात. सगळ्यांवर बहुधा एकच चित्रफीत चालू असते : पिसारा फुलवलेला मोर, प्रवाळांतून फिरणारे मासे, रंगांच्या राशी. त्यांतल्या महागड्या संचांखालच्या पट्टीवर ‘क्वांटम डॉट’ अशी अक्षरे असतात आणि काहींच्या माहितीपत्रकात आणखी एक लहानसा शब्द असतो : ‘कॅडमियममुक्त’. विक्रेता रंगांविषयी भरभरून बोलतो, हप्त्यांविषयी त्याहून अधिक बोलतो. या शब्दाविषयी तो काही सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही. आम्हांला कुतूहल वाटले ते याच शब्दाचे. ज्या धातूचे नावही बहुतेक ग्राहकांनी ऐकलेले नसते, त्यापासून आपला माल मुक्त असल्याची ग्वाही निर्मात्याला का द्यावीशी वाटावी? आणि ती ग्वाही नेमकी कोणाला दिलेली असते?

या प्रश्नाचा माग काढताना लेनिनग्राड, न्यू जर्सी, ब्रुसेल्स आणि कोरिया असा प्रवास करावा लागतो, हे अपेक्षितच होते. परंतु त्याच वाटेवर गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठ आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील प्लेटिंगचे गाळेही लागतात. या दोन ठिकाणांत फार तर दहा-बारा किलोमीटरांचे अंतर आहे. कॅडमियमला बाजूला सारण्याचा इतिहास दोन्हीकडे घडला. एकीकडे तो प्रयोगशाळेतील परीक्षानळीत घडला, दुसरीकडे नटबोल्टांच्या टोपलीत. हे दोन इतिहास एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी पुंजबिंदू म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अर्धवाहक पदार्थातील इलेक्ट्रॉनला एका ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायचे तर मधली फट ओलांडावी लागते. खाली परतताना तो त्या फटीएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडू शकतो. फट मोठी असेल तर प्रकाश निळ्याकडे झुकतो, लहान असेल तर तांबड्याकडे. एरवी ही फट पदार्थाच्या जातीवर ठरते. परंतु त्या पदार्थाचा कण काही नॅनोमीटरांइतका, म्हणजे मीटरच्या काही अब्जांशांइतका लहान केला, तर इलेक्ट्रॉन त्यात कोंडला जातो आणि फट रुंदावते. म्हणजे पदार्थ तोच राहतो आणि कणाच्या आकारानुसार रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरांचा कण निळसर उजेड देतो, सहा नॅनोमीटरांचा तांबडा. अशा कणाला क्वांटम डॉट, आपल्या परिभाषेत पुंजबिंदू, म्हणतात.

१९८१ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह यांना काचेत अडकलेल्या कॉपर क्लोराइडच्या सूक्ष्म स्फटिकांत हा परिणाम दिसला. १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस यांना तो द्रावणातील कॅडमियम सल्फाइडच्या कणांत दिसला. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी आणि त्यांचे दोन विद्यार्थी, मरे व नॉरिस, यांनी जवळजवळ एकाच आकाराचे कण तयार करण्याची रीत दिली : तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेल्या द्रवात डायमिथिल कॅडमियम आणि सेलेनियमचे संयुग एकदम टोचायचे. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅडमियमलाच हा मान का मिळाला? कॅडमियम सेलेनाइडची मूळची फट सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे ती दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकाशी येऊन थांबते. कण लहान करत गेले की ती तांबड्यापासून निळ्यापर्यंतचा सगळा पट्टा ओलांडते. शिवाय या कणांचा प्रकाश अरुंद पट्टीत येतो, त्यामुळे तांबडा निखळ तांबडा दिसतो आणि हिरवा निखळ हिरवा. पडदा बनवणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

परंतु कॅडमियमचा एक दुसरा इतिहास त्याआधीच लिहिला गेला होता. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात कामिओका येथील जस्त-शिशाच्या खाणीचे पाणी भातखाचरांत जात असे. तेथील लोकांना, त्यातही उतारवयातील स्त्रियांना, हाडे ठिसूळ करणारा असा आजार जडला, की नुसत्या खोकल्यानेही हाड मोडावे. दुखण्याच्या आर्त उद्गारावरूनच त्या आजाराचे नाव पडले : ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतं, दुखतं’. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. हा धातू मूत्रपिंडात साठतो आणि तेथून निघायला त्याला दशके लागतात. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या द्रव्यांच्या गटात ठेवले. म्हणजे ज्या वर्षी बावेंडींची रीत प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी तिच्यातील मुख्य धातूवर हा शिक्का बसला. हा योगायोगच, पण पुढची सगळी गोष्ट त्यात सामावलेली आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. कॅडमियम पडद्यामागे प्रथमच येत होते असे नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या काळच्या कृष्णधवल चित्रनलिकांत पांढरा उजेड मिळवण्यासाठी दोन प्रस्फुरक चूर्णांचे मिश्रण वापरण्याची रीत होती : निळा उजेड देणारे झिंक सल्फाइड आणि पिवळा उजेड देणारे झिंक-कॅडमियम सल्फाइड. रंगीत नलिकांतील तांबड्या रंगासाठीही कॅडमियमयुक्त चूर्ण वापरले जाई. १९६४ मध्ये युरोपियम या दुर्मीळ मृदा धातूचा प्रस्फुरक आला आणि त्याने तांबड्यातून कॅडमियम हटवले. हटवण्याचे कारण मात्र अधिक तेज हे होते. कोणाच्या मूत्रपिंडाची काळजी त्यामागे नव्हती. कॅडमियममुक्त उजेड असा आरोग्याचा विचार न करताही मिळू शकतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुण्यातील पुढची घटना नीट समजते.

१९९० नंतरच्या वर्षांत पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सुलभा कुलकर्णी आणि त्यांचे विद्यार्थी अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करीत होते. नॅनो हा शब्द तेव्हा जाहिरातींत आला नव्हता. कॅडमियम सल्फाइडवरही त्यांनी काम केले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते त्यांच्या गटाचे १९९५ मध्ये ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले दोन शोधनिबंध. एक मँगेनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर होता. दुसरा तांबे मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या पुंजकणांतून मिळणाऱ्या हिरव्या दीप्तीवर. पहिल्याच्या शीर्षकातच म्हटले होते, की हे कण पाण्याच्या माध्यमातील पद्धतीने बनवले आहेत.

या शेवटच्या तपशिलाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. बावेंडींच्या रीतीतील डायमिथिल कॅडमियम हवेत पेट घेऊ शकते आणि अत्यंत विषारी असते; ते निर्वात, कोरड्या वातावरणात हाताळावे लागते. पाण्यातील पद्धतीत जस्ताचा क्षार, मँगेनीजचा अल्पसा क्षार आणि गंधकाचे संयुग एकत्र येतात. कण वाढू नयेत म्हणून त्यांना आवरण देणारे एखादे द्रव्य घालतात, आणि पांढरा साका खाली बसतो. अतिनील दिव्याखाली धरला की तो नारिंगी उजळतो. या कणांत कॅडमियम नाही, शिसे नाही, पारा नाही. म्हणजे आज ज्याला ‘जडधातुमुक्त पुंजबिंदू’ असे भारदस्त नाव आहे, त्याचा एक साधासा पूर्वज तीस वर्षांपूर्वी गणेशखिंडीत पाण्यात तयार होत होता.

मग तोच पडद्यावर का आला नाही? याचे उत्तर ‘आपल्याकडे कदर नाही’ या नेहमीच्या तक्रारीत शोधण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण खरे उत्तर पदार्थातच आहे. झिंक सल्फाइडची मूळ फटच सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे अतिनील भागात असते. कण लहान केला तर ती आणखी रुंदावते, डोळ्यांपासून आणखी दूर जाते. म्हणून त्यात परका अणू घालावा लागतो आणि उजेड तो परका अणू देतो. मँगेनीजचा नारिंगी उजेड सुमारे ५९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि कणाचा आकार बदलला तरी तो जवळजवळ तेथेच राहतो. आकार बदलून रंग बदलण्याची जी पुंजबिंदूची खरी जादू, ती येथे चालत नाही. शिवाय हा उजेड मिळवायला अतिनील प्रकाश लागतो, आणि आजच्या पडद्यांमागे असतो निळा दिवा. निळ्या प्रकाशाला झिंक सल्फाइड दाद देत नाही.

या क्षेत्रात त्या वेळी आशा मात्र मोठी होती. १९९४ मध्ये फिलिप्स कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांनी असे प्रतिपादले होते, की नॅनोकणांत मँगेनीजची दीप्ती नेहमीपेक्षा लक्षावधी पट वेगाने, नॅनोसेकंदांत, मावळते. त्या निबंधाने जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष या पदार्थाकडे वेधले. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील बोल आणि मायेरिंक यांनी दाखवले, की ती जलद दीप्ती झिंक सल्फाइडमधील दोषांची होती. मँगेनीज आपला जुनाच मिलिसेकंदांचा संथ स्वभाव राखून होते. विज्ञानात असे घडतेच. पुण्याचा गट याच काळात अधिक पायाभूत प्रश्नांकडे वळलेला दिसतो : कणांची रचना काय, ते किती स्थिर, लोह किंवा निकेल मिसळले तर दीप्ती का विझते. या कामातून शिकवण्याची एक परंपरा उभी राहिली. प्रा. कुलकर्णींचे नॅनोतंत्रज्ञानावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक २००७ मध्ये निघाले आणि पुढे स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेनेही त्याची आवृत्ती काढली.

आता गणेशखिंडीतून औंधमार्गे नदी ओलांडून पिंपरी-चिंचवडमध्ये येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग मोटारी, मालमोटारी आणि स्कूटरी आल्या. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महापालिका झाली. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत भोसरी, चिंचवड, पुढे चाकण येथे लहान गाळे उभे राहिले. कोणी टर्निंग करतो, कोणी प्रेसचे काम, कोणी प्लेटिंग. या शेवटच्या गाळ्यांची कामे फारशी कोणाच्या नजरेत येत नाहीत. टाक्या, आम्लाचा वास, टोपलीत गरगर फिरणारे नटबोल्ट, आणि बाहेर पडताना त्यांवर चढलेली जस्ताची चकाकी.

लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात, तसा कॅडमियमचाही देत असत. मिठाच्या पाण्यात तो अधिक टिकतो आणि बोल्ट सहज फिरतो, म्हणून विमानांपासून मोटारींपर्यंत जगभर त्याचा वापर होता. जस्ताच्या मुलाम्यावर जो पिवळा, इंद्रधनुषी थर दिसतो, तो षट्संयुजी क्रोमियमचा. तेही असेच एक कर्करोगकारक द्रव्य. २००० साली युरोपीय संघाने मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयी एक निर्देश काढला : १ जुलै २००३ नंतर बाजारात येणाऱ्या वाहनांत शिसे, पारा, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम, काही अपवाद सोडून, असता कामा नये. गंजरोधक थरातील क्रोमियमला १ जुलै २००७ पर्यंत सवलत मिळाली.

हा कायदा ब्रुसेल्सचा. परंतु २००३ मध्येच पिंपरीत बनलेली इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनच्या बाजारात गेली होती. अशा मोटारीचा प्रत्येक बोल्ट त्या कायद्याच्या कक्षेत येत होता. मोठी कंपनी आपल्या पुरवठादाराला विचारणार, पुरवठादार आपल्या प्लेटिंगवाल्याला विचारणार. प्रत्येक सुट्या भागात कोणते द्रव्य किती, हे वाहन उद्योगाच्या ‘आयएमडीएस’ नावाच्या सामाईक नोंदवहीत भरण्याची पद्धत याच काळात रुळली. पिवळ्या पॅसिव्हेशनऐवजी त्रिसंयुजी क्रोमियमचे निळसर पॅसिव्हेशन आले. ‘हेक्स-फ्री’, ‘ट्रायव्हॅलेंट’ हे शब्द गाळ्यांतल्या बोलीत शिरले. दूरचित्रवाणीच्या दुकानात ‘कॅडमियममुक्त’ हा शब्द येण्याच्या दहा वर्षे आधी ‘जडधातुमुक्त’ ही कल्पना औद्योगिक पट्ट्यात अशी नटबोल्टांच्या वाटेने पोचली होती. वाहनांपाठोपाठ विजेच्या उपकरणांचा निर्देश आला, तो ‘रोह्स’ या संक्षेपाने ओळखला जातो. १ जुलै २००६ पासून लागू झालेल्या या निर्देशाने एकजिनसी घटकात शिशाला ०.१ टक्के आणि कॅडमियमला त्याच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणजे ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. भारताचे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यांनीही पुढे हीच मर्यादा स्वीकारली.

पुंजबिंदूंचे पडदे याच निर्देशाच्या दारात येऊन उभे राहिले. २०१३ मध्ये सोनीने पहिले पुंजबिंदूयुक्त दूरचित्रवाणी संच आणले, त्यांत कॅडमियम सेलेनाइड होते. ०.०१ टक्क्याची मर्यादा तर ते ओलांडणारच. म्हणून त्यांना अपवादाची गरज होती. युरोपात पडद्याच्या दर चौरस मिलिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम अशी एक मर्यादा अपवादासाठी ठरली. आम्ही सहज हिशेब मांडून पाहिला. पंचावन्न इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख ३४ हजार चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे जास्तीत जास्त १६७ मिलिग्रॅम कॅडमियम. आता दहा मिलिमीटर जाडीचा आणि पन्नास मिलिमीटर लांबीचा एक साधा बोल्ट घ्या. डोक्यासकट त्याचा पृष्ठभाग सुमारे चोवीस चौरस सेंटिमीटर धरला आणि त्यावर आठ मायक्रॉन जाडीचा कॅडमियमचा मुलामा दिला, तर त्या मुलाम्याचे वजनही जवळजवळ तेवढेच, १६६ मिलिग्रॅमच्या आसपास येते. हिशेब ढोबळ आहे, पण मोठा बोलका आहे. ज्या संचाबद्दल युरोपच्या संसदेत वाद झाला, त्यात अधिकात अधिक एका बोल्टाइतके कॅडमियम होते.

वादही मनोरंजक होता. कॅडमियमचे कैवारी म्हणत : हे पडदे वीज वाचवतात, कोळसा जाळून वीज करताना धुराड्यातून कॅडमियम बाहेर पडतेच, तेव्हा पडद्यात थोडे घालून हवेतले अधिक वाचवा. विरोधक म्हणत : पर्याय बाजारात आला असताना अपवाद कशाला? २० मे २०१५ रोजी युरोपीय संसदेने अपवाद लांबवण्याचा प्रस्ताव ६१८ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला. पुढे मर्यादित स्वरूपात अपवाद दिले गेले, मुदती बदलत राहिल्या. परंतु वाऱ्याची दिशा त्या दिवशी स्पष्ट झाली. त्याच वर्षी सॅमसंगने कॅडमियमविरहित पुंजबिंदूंचे संच बाजारात आणले आणि २०१६ मध्ये कॅडमियमच्या बाजूने लढणारी क्यूडी व्हिजन ही कंपनीच विकत घेतली.

सॅमसंगचा पर्याय होता इंडियम फॉस्फाइड. त्याचे पुंजबिंदू १९९४ मध्येच अमेरिकेतील मिचिच आणि नोझिक यांच्या गटाने बनवले होते. फट सुमारे १.३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे आकार लहान करत गेले की तांबडा आणि हिरवा दोन्ही हाती येतात, आणि निळ्या दिव्याचा प्रकाशही तो शोषतो. झिंक सल्फाइडला जे जमत नव्हते, ते यास जमले. परंतु त्याचा स्वभाव हट्टी. त्याची नेहमीची फॉस्फरसयुक्त कच्ची द्रव्ये हवेत पेट घेणारी, कणांचे आकार सारखे ठेवणे अवघड, आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसला की दीप्ती मावळते. मँचेस्टरच्या नॅनोको कंपनीने या वाटेवर बरेच काम केले. तिने सॅमसंगवर पेटंटभंगाचा दावा लावला आणि २०२३ मध्ये पंधरा कोटी डॉलरांवर समझोता झाला. कॅडमियमविना उजेडाला काय किंमत आली होती, हे त्या आकड्यावरून कळते.

दुकानातील ‘क्यूएलईडी’ संचांत पुंजबिंदू निळ्या दिव्याचा प्रकाश घेऊन तो तांबड्या-हिरव्यात बदलतात. ते स्वतः विजेने उजळत नाहीत. विजेने थेट उजळणारा पुंजबिंदू ही पुढची पायरी. २०१९ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये इंडियम फॉस्फाइडचा असा तांबडा दिवा मांडला, त्याची बाह्य पुंजक्षमता २१.४ टक्के होती. गाभ्यावरचा ऑक्साइड काढण्यासाठी त्यांनी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरले होते. २०२० मध्ये निळ्यासाठी जस्त, टेल्युरियम आणि सेलेनियमचे कण आले, क्षमता २०.२ टक्के. आणि या सगळ्या कणांवर बाहेरचे कवच कशाचे, तर झिंक सल्फाइडचे. गणेशखिंडीत ज्याचा गाभा होता, त्याला येथे रखवालदाराची जागा मिळाली. ते गाभ्याला हवेपासून जपते आणि स्वतः उजळत नाही.

आता ‘जडधातुमुक्त’ या शब्दाकडे परत येऊ. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत कॅडमियमचा क्रमांक ४८, इंडियमचा ४९. कॅडमियमचा अणुभार ११२.४, इंडियमचा ११४.८. म्हणजे ‘जड’ धातू काढून त्याच्या जागी शेजारचा, किंचित अधिक जड अणू बसवला आणि मालाला जडधातुमुक्त म्हटले! याचा अर्थ फसवणूक झाली असा मुळीच नाही. इंडियम फॉस्फाइडमधील बंध अधिक घट्ट असतात आणि त्यातून धातूचे आयन सहज सुटत नाहीत, हा त्याचा खरा गुण आहे. परंतु हेही खरे, की कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये इंडियम फॉस्फाइडला ‘बहुधा कर्करोगकारक’ असे वर्गीकृत केले आहे. प्रेक्षकाला त्याचा उपद्रव होण्याचा संभव नाही. श्वासावाटे त्याची धूळ गेली तर ती कारखान्यातल्या माणसाच्या फुप्फुसात जाईल. तेव्हा या शब्दातील ‘जड’ तराजूवर ठरत नाही, ते कायद्याच्या यादीवर ठरते.

आणि या यादीपलीकडे एक जुने नाते आहे. कॅडमियमचा शोध १८१७ मध्ये जर्मनीत फ्रिडरिश श्ट्रोमायर यांना लागला, तो जस्ताच्या कार्बोनेटात. इंडियमचा शोध १८६३ मध्ये फ्रायबर्ग येथे राइश आणि रिश्टर यांना लागला, तोही जस्ताच्याच खनिजात. आजही हे दोन्ही धातू मुख्यतः जस्त शुद्ध करताना हाती लागणारी उपउत्पादने आहेत. जिन्झू नदी नासली तीही जस्ताच्या खाणीने. म्हणजे गणेशखिंडीतले झिंक सल्फाइड, भोसरीतल्या बोल्टावरचे जस्त, कोरियातले इंडियम आणि सर्वांनी टाळलेले कॅडमियम ही एकाच खडकाची अपत्ये आहेत. आपण पडद्यातून कॅडमियम काढले तरी जस्ताची गरज आहे तोवर ते जमिनीतून निघतच राहणार; मग ते विजेरीत जाईल, सौरपत्रात जाईल किंवा कोठेतरी गाळ होऊन साठेल. ‘मुक्त’ झाला तो माल. धातू आहे तेवढाच आहे, त्याचा पत्ता तेवढा बदलला.

पुण्यात या प्रश्नाचे आवर्तन पुढेही चालू राहिले. पाषाण रस्त्यावरील सी-मेट या संस्थेत भारत काळे व सहकाऱ्यांनी कॅडमियम सल्फाइडचे पुंजबिंदू काचेत बंदिस्त करून ते सूर्यप्रकाशाने हायड्रोजन मिळवण्यासाठी वापरून पाहिले. ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे धातू टाळलेला नाही, काचेत कोंडलेला आहे. २०१५ मध्ये पाषाणच्याच आयसर संस्थेत अंशुमन नाग यांच्या गटाने सिझियम, शिसे आणि ब्रोमिनच्या पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिकांची विलक्षण दीप्ती दाखवली. उजेड सुरेख, पण शिसे आले. त्याच गटाने पुढे, २०२० मध्ये, शिशाऐवजी चांदी आणि इंडियम असलेल्या दुहेरी पेरोव्हस्काइटवर काम प्रसिद्ध केले. त्याचा उजेड मात्र अवरक्ताकडचा, डोळ्यांना न दिसणारा. उत्तम उजेड आणि निरुपद्रवी धातू हे दोन्ही एकत्र सहसा मिळत नाहीत, ही १९९५ चीच अडचण नव्या रूपात समोर आली.

दुकानातील त्या पट्टीवरचा शब्द कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तो पाहणाऱ्यासाठी नाही. पडद्याच्या आत, प्लॅस्टिकच्या थरांत मिटलेले १६७ मिलिग्रॅम कॅडमियम दिवाणखान्यात बसलेल्या कुटुंबाला काही करत नव्हते. तो शब्द प्रथम त्या माणसासाठी आहे, जो हे द्रव्य बनवतो, आणि शेवटी त्या माणसासाठी, जो दहा-बारा वर्षांनी तो संच फोडतो. चिखलीजवळच्या कुदळवाडीत कैक वर्षे भंगाराची गोदामे होती; पिंपरी-चिंचवड शहर जे टाकून देई त्यातले बरेच काही तेथे पोचत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. गोदामे पाडता येतात. परंतु संच फोडण्याचे काम त्यामुळे संपत नाही, ते दुसरीकडे जाते. धातूप्रमाणे त्याचाही पत्ता बदलतो.

म्हणून ‘कॅडमियममुक्त’ हा शब्द खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो अपुरा आहे. त्याने पहिल्या आणि शेवटच्या माणसाचे ओझे काही प्रमाणात हलके केले, हे मान्य करायला हवे. ब्रुसेल्सच्या कायद्यामुळे भोसरीच्या टाकीतला पिवळा रंग गेला, तेव्हा त्या टाकीवर वाकलेल्या कामगाराचा श्वासही थोडा निर्धोक झाला असेल, जरी कायदा त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नव्हता. उद्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात कोणी पडदे किंवा पुंजबिंदू बनवायला घेतले, तर गणेशखिंडीचे ज्ञान आणि भोसरीचा अनुभव हे दोन्ही त्याला हाताशी मिळतील. आमची अपेक्षा एवढीच, की तेव्हा माहितीपत्रकावर आणखी एक ओळ असावी : यातला धातू कोठून आला, आणि संच फुटल्यावर तो कोणाच्या हाती जाणार आहे.